केल्डगिलच्या वाटेवरचा विसावा

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना दगड आहे, आणि माणसं मेली की त्यांना घटकाभर माझ्या पाठीवर टेकवतात, एवढंच काय ते माझं काम. बाकी मी अगदी साधा आहे. पाठ सपाट, कडा झिजून गोल झालेल्या, एका अंगाला शेवाळ. दुपारचं ऊन मिळालं तर संध्याकाळपर्यंत माझ्यात ऊब राहते. ती शोधत मेंढ्या, कुत्री आणि म्हातारी माणसं न बोलावता येतात.

माझ्या एका बाजूला, खाली दरीत, केल्डगिल आहे. नऊ घरं, एक ओढा, त्यावर घोडागाडीपुरता दगडी पूल, आणि घरांच्या मागून डोंगरावर चढत गेलेले गडगे, म्हणजे दगडांवर दगड रचलेले बांध. दुकान नाही, गुत्ता नाही, चर्चही नाही. देवासाठी आणि बिअरसाठी डोंगर ओलांडून ॲस्कबीला जावं लागतं, आणि केल्डगिलची माणसं ही दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. मी बसलोय तो मधल्या खिंडीत. माझ्यापाशी उभं राहून मागे पाहिलं तर गावचा धूर शेवटचा दिसतो आणि पुढे पाहिलं तर ॲस्कबीच्या चर्चचा मनोरा पहिल्यांदा दिसतो.

मी जन्मापासून इथे नव्हतो. वरच्या कड्याला चिकटून मजेत पडलो होतो. फार जुनी गोष्ट, तेव्हा घोडागाडीसुद्धा गावात आली नव्हती. एका पावसाळी दिवशी केल्डगिलच्या एका म्हातारीला पुरायला नेत होते. चढण संपता संपता माणसांच्या खांद्यांनी दगा दिला आणि मयताची पेटी चिखलात टेकवावी लागली. तिच्या लेकांना ते सोसलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कडा फोडून मला काढलं, लाकडी घसरपाटावर बांधलं आणि अख्ख्या गावाने ओढत खिंडीपर्यंत आणलं. वाटेत मी दोन वेळा सुटून खाली घरंगळलो. तेव्हा मला ज्या शिव्या पडल्या, तशा पुन्हा कुणी दिल्या नाहीत. नंतर मात्र सगळे माझ्याशी टोपी काढूनच वागले.

आता केल्डगिलची रीत सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. गावात माणूस गेलं की त्याच्या घरचं कुणीतरी रोझमेरीच्या डहाळ्या घेऊन निघे आणि प्रत्येक दारावर थाप मारी. दार सताड उघडं असलं तरी थाप मारायचीच. मग म्हणायचं, "अमक्याच्या घरून बोलावणं आहे. एक खांदा द्या." डहाळी हातात ठेवायची आणि पुढच्या दारी जायचं. ज्या घरात पुरुष नसे तिथली बाई पेटीला हात लावून चाले, आणि तो हातही खांदाच धरला जाई. बोलावणं आलं की आजारी माणूससुद्धा उठून येई. बोलावणं आलं नाही तर मात्र जायचं नाही. ज्या दारावर थाप पडली नाही, त्या घराला गावाने आपल्यातून वजा केलं असा त्याचा अर्थ होई.

दुसरी रीत माझ्यापाशीच पाळली जाई. पेटी माझ्यावर टेकली की माणसं खांदे चोळत, ओटच्या भाकरीचे तुकडे वाटून खात, आणि मग कुणीतरी गेलेल्याबद्दल एक खरी गोष्ट बोले. "पुढे चर्चमध्ये पाद्री गोड बोलणारच आहेत, इथे खरं बोलून घ्या," असं जुनी माणसं म्हणत. एकदा एका महाचिक्कू शेतकऱ्याला आणलं होतं. त्याची बायकोच म्हणाली, "आमच्या घरच्या उंदरांनासुद्धा शेजारी जेवायला जावं लागायचं." सगळे पेटीवर डोकं टेकून हसले, आणि ती बाई हसता हसता रडायला लागली. माझ्या पाठीवर असं पुष्कळ सांडलं आहे.

तुम्ही म्हणाल, किती हे मरणाचं बोलणं! पण माणसं रोज थोडीच मरतात? एरवी माझा थाट वेगळाच असे. बाजाराला जाणाऱ्या बायका लोण्याच्या टोपल्या माझ्यावर ठेवून दम खात आणि सासवांची उणीदुणी काढत. मुलं माझ्यावर चिखलाच्या पावांचं दुकान मांडत. लोकर कातरायच्या दिवसांत माणसं डोंगरावरून उतरताना इथे थांबत आणि त्यांच्या अंगाचा मेंढ्यांचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नसे. माझ्यावर बसलेला माणूस सहसा गप्प राहत नाही, त्यामुळे गावातली कुठलीही गोष्ट मला कळायची राहिली नाही.

एझ्रा ऑल्डरसन आणि रूथ लग्न लावून ॲस्कबीहून परतले तेही इथेच टेकले. नव्या बुटांनी रूथची बोटं सोलली होती. तिने ते काढून माझ्यावर आपटले.

"हे बूट ज्याने शिवले त्याला तेच घालून या डोंगरावर चढवा," ती म्हणाली.

"तुला म्हटलं होतं माझे घाल म्हणून," तिची मैत्रीण टॅमर म्हणाली. "पण नाही. नवरीबाईंना शोभा पाहिजे."

टॅमर फॉसेट म्हणजे रूथच्या शेजारचीच. दोन घरांच्या मध्ये एक गडगा, आणि त्या गडग्याचे वरचे दगड त्या दोघींनी लहानपणापासून चढून चढून गुळगुळीत केलेले. त्या दिवशी तिघं माझ्यावर बसली होती. मध्ये रूथ, एका टोकाला एझ्रा, दुसऱ्या टोकाला रूथचे बूट मांडीवर घेतलेली टॅमर. ते तिघांचं ओझं मला अजून आठवतं, आणि आठवलं की बरं वाटतं.

लग्नानंतर एझ्रा रूथच्याच घरी राहायला आला. पुढे टॅमरचंही लग्न झालं आणि ती विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. रूथलाही झालं नाही. मग दोन्ही घरांचा मिळून एकच संसार झाला म्हणा ना. गवत कापणीला तिघं बरोबर, रविवारी चर्चला तिघं बरोबर.

आणि मग एका हिवाळ्याच्या अखेरीस रूथ आजारी पडली ती उठलीच नाही. टॅमरने तिला शेवटपर्यंत सांभाळलं. ती गेल्यावर टॅमरनेच तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, चांगले कपडे घातले. मयताला येणाऱ्यांसाठी भाकऱ्या भाजायला ती एझ्राच्याच स्वयंपाकघरात उभी होती. एझ्रा डहाळ्या घेऊन निघाला आणि सगळ्या दारांवर थापा मारून आला. टॅमरच्या दारापाशी मात्र तो थांबला नाही. कशाला थांबेल? टॅमर त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीपुढे होती. घरच्या माणसाला कोण बोलावणं देतं?

पेटी निघायची वेळ झाली तशी टॅमर आपल्या घरी गेली, काळा कोट घातला आणि थापेची वाट पाहत बसली. पेटी तिच्या दारावरून पुढे गेली. दार वाजलं नाही.

रूथला माझ्यावर टेकवलं तेव्हा कुणीतरी विचारलं, "टॅमर कुठाय?"

"पुढे गेली असेल," एझ्रा म्हणाला. "पाद्रीबाबांकडे चहाचं बघायला. तिला पाय आहेत की चाकं तेच कळत नाही."

बिचाऱ्याला खरंच कळलं नव्हतं. ॲस्कबीला पोचल्यावर, ती तिथेही नाही हे पाहून कळलं. परत येताना तो सगळ्यांना पुढे पाठवून एकटा माझ्यावर बसला, आणि टोपी हातात चुरगाळत नुसतं "अरे देवा, अरे देवा" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो टॅमरच्या दारी गेला आणि थाप मारली. वरची खिडकी उघडली.

"आता काय वाजवतोस?" टॅमर म्हणाली. "आता कोण मेलंय?"

"टॅमर, अगं, तू तर घरचीच—"

"कोण मेलंय ते सांग. कुणी मेलं नसेल तर दार सोड."

तो दार सोडून घरी आला. तोही काही कमी हट्टी नव्हता. जिला घरची मानली तिने खिडकीतून असं बोलावं, हे त्याला झोंबलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चार दिवसांनी निवळेल असं गाव म्हणत होतं. पण गडग्याच्या दोन्ही बाजूंना म्हातारपण आलं, तरी निवळलं नाही.

दोघंही माझ्याकडे येत, फक्त वेगवेगळ्या वेळी. एकाची पाठ उताराला लागली की दुसरं चढायला लागे. टॅमर आपल्या जिप नावाच्या कुत्रीशी बोले. "जिप, मी तिचे केस विंचरले गं," ती म्हणे, "आणि मला तिच्याबरोबर चालू दिलं नाही." कुत्री तिच्या पायावर हनुवटी ठेवी. एझ्रा मेंढ्यांवर ओरडे, आणि मध्येच थांबून, कुणी विचारलेलं नसताना, म्हणे, "घरच्या माणसाला बोलावणं? ऐकलंय कुणी कधी?" मी ऐकत होतो. पण मला तोंड असतं तरी काय बोललो असतो? दोघांचंही खरं होतं.

दरम्यान खाली दरीला वळसा घालून डांबरी रस्ता आला आणि मयत नेणारी काळी मोटार आली. पाच मिनिटांत ॲस्कबी. खांदे दुखायचं कारणच उरलं नाही. माझ्याभोवती नेचे वाढले, मग खाजरी झुडपं वाढली. एकेक घर विकलं गेलं. लांबच्या शहरांतली माणसं ती विकत घेऊन शनिवार-रविवारी येऊ लागली. माणसं वाईट नव्हती, पण सोमवारी चुली थंड असत आणि माझ्यापासून दिसणारा धूर तीन घरांवर आला: एझ्रा, टॅमर आणि पुलाजवळचा मेंढपाळ विल्फ.

त्या नव्यांपैकी एकाला मी फार आवडलो. त्याने फीत लावून मला मोजलं. बागेत बसायला बाक करायचा होता म्हणे. तेवढ्यात एझ्रा आला.

"न्या की," एझ्रा म्हणाला. "छान बाक होईल. आमच्या आजोबा-पणजोबांना सवयच आहे इथे टेकायची. तुमच्या बागेत आले टेकायला तर जरा चहापाणी बघा."

त्या माणसाने फीत गुंडाळली आणि तो पुन्हा काही दिसला नाही. एझ्रा मात्र बराच वेळ स्वतःशीच हसत माझ्यावर बसला होता. मला कुणीतरी आपलं म्हणणारं अजून आहे, या विचाराने मला त्या दिवशी खूप बरं वाटलं.

मग आली फिलिपा. तीही शनिवार-रविवारवालीच, पण एका हिवाळ्यात आली ती परत गेलीच नाही. गावात चौथा धूर निघू लागला. ती थर्मास घेऊन माझ्याकडे येई आणि एझ्राला कपभर चहा देई. एझ्राच्या मते तो चहा नव्हताच, पण तो पीत असे. एकदा तिने विचारलं आणि त्याने तिला सगळं सांगितलं. थापेची रीत, रूथ, खिडकी, सगळं.

"मग अजूनही जा ना तुम्ही," फिलिपा म्हणाली. "दार तर तुमच्या शेजारीच आहे. चार पावलं."

"जाऊन काय सांगू? तिने विचारलं होतं, कोण मेलंय? मला काही सांगता आलं नाही." त्याने चहाचा तळ गवतावर ओतला. "आता लवकरच सांगता येईल. हे बघ पोरी, मला त्या काळ्या मोटारीत घालू नका. या वाटेने न्या. सगळी दारं वाजव, अगदी कुलूप असलं तरी वाजव. आणि पहिली थाप टॅमरच्या दारावर. रांगेत तिचं घर कितवंही असो, पहिली तिथे."

"असलं काही बोलू नका हो."

"बरं, नाही बोलत. पण पहिली तिथे."

पानगळ सुरू झाली आणि एझ्रा गेला. पुरण्याच्या आदल्या दिवशी फिलिपा आणि विल्फ विळे घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी भोवतीची झुडपं कापली, माझ्या पाठीवरचं शेवाळ खरवडलं. कित्येक वर्षांनी मला वारा लागला. विल्फचे हात खाजेने लाल झाले होते आणि तो झुडपांना उद्देशून असे काही शब्द बोलत होता की मला माझ्या घरंगळण्याची आठवण झाली.

"खांदे पुरतील," तो म्हणाला. "फोन केले तसे नवे लोक येतायत. एकाने तर विचारलं, कपडे कुठले घालायचे. म्हटलं, घाल बाबा काहीतरी म्हणजे झालं. टॅमरचं काय?"

"पहिली थाप तिच्याच दारावर मारली," फिलिपा म्हणाली. "आतून आवाज आला, 'आता कोण मेलंय?' मी म्हटलं, 'एझ्रा. एझ्रा ऑल्डरसनच्या घरून बोलावणं आहे. एक खांदा द्या.' दार काही उघडलं नाही. मी कितीतरी वेळ उभी होते. शेवटी डहाळी उंबऱ्यावर ठेवली आणि आले."

विल्फने विळा गवताला पुसला. "मग नाही यायची ती. टॅमर एकदा बसली की बसली. त्याच्या दारात पाऊल नाही टाकायची."

ते गेले. मित्रांनो, दगडाला झोप नसतेच, पण त्या रात्री मी जागा होतो असं मला वाटलं. एझ्राने आयुष्यभर जपून ठेवलेलं उत्तर शेवटी त्या दारापर्यंत पोचलं होतं. आणि दार बंदच होतं.

सकाळी धुकं होतं. खालून पेटी निघायला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी वाटेवर काठीचा आवाज आला. दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. एक म्हातारी चढून आली आणि माझ्यावर बसली. टॅमर होती. अंगावर काळा कोट होता. रूथच्या वेळी घातलेला आणि मग कपाटात ठेवून दिलेला तोच तो कोट, आता दोन टॅमर मावतील एवढा सैल. ती एका टोकाला बसली, लग्नाच्या दिवशी बसली होती त्याच टोकाला. तिच्या मुठीत रोझमेरीची डहाळी होती.

मग ते आले. विल्फ पुढे, मागे शहरातले लोक, कुणाचं जाकीट लाल, कुणाचं पिवळं, सगळे घामाघूम. तिला पाहून फिलिपा जागच्या जागी थांबली.

"उशीर केलात," टॅमर म्हणाली. "या माणसाने जन्मभर उशीरच केला. टेकवा आता. असं नाही रे पिवळ्या, डोकं ॲस्कबीकडे! एवढंही माहीत नाही?"

पिवळ्या जाकिटाने घाईघाईने टोक फिरवलं आणि एझ्रा माझ्या पाठीवर आला. मी त्याचं ओझं ओळखलं.

"तुम्ही दार उघडलं नाहीत," फिलिपा हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही येणार नाही."

"दार वाजायला हवं असतं पोरी. ते वाजलं. उघडायचं की नाही हे माझं मी बघेन. तुमच्याबरोबर खालून निघाले असते तर पाद्रीबाबांना आज दोन खड्डे लागले असते, म्हणून आधीच निघाले."

भाकरीचे तुकडे वाटले गेले. नवे लोक ते हातात धरून उभे राहिले, खायचे की कुठे ठेवायचे हे न कळून. विल्फने टोपी काढली. "खरी गोष्ट," तो म्हणाला. "कुणीतरी बोला."

टॅमरने हात उचलला आणि पेटीवर ठेवला.

"एझ्रा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला मारलेली ही पहिली हाक. "तू मला घरची समजलास, म्हणून माझं दार वाजवलं नाहीस. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कोट घालून बसले होते तेव्हाच कळलं होतं. तरी मी खिडकीच उघडली."

पिवळ्या जाकिटाने तोंड वळवून डोळे पुसले. तो तर एझ्राला नीट ओळखतही नव्हता.

"उचला," टॅमर म्हणाली. "हा फॉसेटांच्या घरचा खांदा." आणि पेटीच्या कडेवर हात ठेवून ती त्यांच्याबरोबर उतार उतरू लागली. तिच्या पावलांनी चालायचं म्हणून सगळ्यांनी आपली पावलं लहान केली. बघता बघता धुक्यात फक्त लाल आणि पिवळा रंग राहिला, मग तोही गेला.

टॅमर अजून आहे. चांगलं ऊन पडलं की फिलिपाच्या आधाराने ती वर येते, त्याच टोकाला बसते आणि फिलिपाच्या चहाला नावं ठेवते. माझ्याभोवती आता झुडपं वाढत नाहीत. पिवळ्या जाकिटाचा माणूस दर उन्हाळ्यात विळा घेऊन येतो. विळा धरायचा कसा हे त्याला अजून जमलेलं नाही, पण येतो.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने दगड तुमच्या वाटेवर असतील तर त्यांना बागेत नेऊ नका, जागेवरच राहू द्या. आणि माझं आणखी एक ऐका. जे अगदी जवळचे असतात, त्यांना काय बोलवायचं, त्यांना काय सांगायचं, ते घरचेच आहेत, असं वाटतं आणि राहून जातं. मी दगड आहे, मला उठून कुणाच्या दारापर्यंत जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. जा आणि दार वाजवा. कुणी मेलेलं नसतानाच वाजवा.